खंडेनवमीचं अपडेट

हे तुम्ही केलंत, साहेब. दुसऱ्या कुणी नाही. पंख्याखाली बसून तुम्ही एक बटन दाबलं आणि गुंजीच्या पलीकडं, रानाच्या कडेला, एका महिला डेअरीचा कॉम्प्युटर आडवा झाला. दुधाची कागदी वही तुम्ही बंद केली. मशीनमधनं चिठ्ठी निघाल्याशिवाय टँकरनं थेंबभर दूध उचलायचं नाही, हा हुकूम तुमचा. कॉम्प्युटरमधल्या जुन्या सिस्टमचं लायसन संपलं म्हणून लिनक्स बसवलं, ते बरं केलं. पण त्याचं अपडेट कुणाला न विचारता, वरच्या वर, ऐन खंडेनवमीला ढकललं. आता त्याचं काय झालं ते ऐका.

डेअरीची ऑपरेटर अंजना सकाळचं दूध आटोपून अकराला घरी निघाली, तेव्हा पडद्यावर अपडेट चालू झालं होतं. सेक्रेटरी नागोजी अण्णा झेंडूची माळ ओवत बसले होते. डेअरी बायकांची, सेक्रेटरी तेवढा गावानं पुरुष ठेवला होता.

"अण्णा, ह्येला हात लावू नका. आपलं आपण संपंल."

"न्हाई लावत. जा तू."

ती गेली आणि अण्णांनी पूजा मांडली. वजनकाटा, फॅटचं मशीन, कॉम्प्युटर. आता खंडेनवमीचा नेम असा, की पूजेला मांडलेलं हत्यार चालू ठेवायचं नाही. नांगर असो, रंधा असो, त्या दिवशी त्याला विसावा. कॉम्प्युटर तर समोर घरघरत होता. पडद्यावर अठ्ठावन्न टक्के आणि खाली 'बंद करू नका'. अण्णांनी प्लग उपसला, हळदीकुंकू वाहिलं, वर मूठभर अक्षता टाकल्या आणि पोळी खायला घरी गेले.

साडेचारला अंजनानं बटन दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभरा उतरल्या आणि गचकन थांबल्या. तिनं पुन्हा चालू केलं. त्याच ओळीवर पुन्हा तसंच. दारात बायकांची रांग लागली होती, किटल्या भरलेल्या. टँकर साडेसहाला येणार. तो रिकामा गेला तर साडेतीनशे लिटर दूध ओढ्यात.

"अण्णा, प्लग काढलासा काय?"

"काढला. मग चालू हत्याराची पूजा करू व्हय?"

"पडद्यावर बंद करू नका म्हणून लिवलं हुतं."

"वाचलं की. ते मशीनला लिवलंय म्हटलं, माणसाला न्हाई." अण्णांनी टोपी सरळ केली. "आन् खरं सांगू का, तू कुंकू लावलं न्हाईस, हात जोडला न्हाईस. तुमच्यात न्हाई चालत, मला ठावं हाय. पर मशीन रुसलं त्येला मी काय करू?"

रांगेतल्या दोघीतिघींनी माना हलवल्या. अंजनाच्या कानशिलापर्यंत आग गेली. दहा वर्षांपूर्वी ह्याच बायकांच्या घरी तिच्या आईला दारातूनच ताक मिळायचं. आता तिच्याच हातनं ह्यांचं दूध मोजलं जातं, म्हणून तर सगळे तिच्या चुकीची वाट बघत बसलेत, हे तिला पाठ होतं.

"मशीन कुणाच्या जातीत न्हाय, अण्णा. अर्ध्यात प्लग काढला की ते मरतंय. तुम्ही काढा न्हाईतर देवानं काढूं दे."

ह्यावर अंबुबाई फिस्सकन हसली. रांगेत पहिली तीच.

अंजनाचा भाऊ भीमरत्न बेळगावात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. पण फोनला रेंज फक्त फाटकाबाहेर, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर. मग अंजनाचा फोन घेऊन अंबुबाई मोरीवर चढली, फोनचा आवाज मोठा केला आणि भीमरत्न बोलेल ते तिथनं ओरडून आत सांगायला लागली.

"त्यो म्हणतोय, नवीन अर्धवट बसलंय. जुनं अजून आत हाय. नवी सून आली म्हणून सासू लगेच मरत न्हाई म्हणतोय. खरंच म्हणतोय बघ, माझी अजून हाय."

"मावशे, सासू ऱ्हाऊं दे. करू काय ते विचार."

"चालू करताना शिफ्ट दाबून धर. यादी येत्या. यादीत दुसरी ओळ. ती दाबली की नंबरवालं येत्यात, त्यातलं लहान नंबरचं घे. लहान म्हंजे जुनं."

अंजनानं शिफ्ट दाबलं. ते खालीच जाईना. पुन्हा दाबलं. तोवर पडदा काळा होऊन त्याच ओळी, तोच गचका. तिनं कीबोर्ड उलटा करून आपटला. अक्षता पडल्या, झेंडूच्या पाकळ्या पडल्या, आणि ओल्या हळदीचा वाळलेला लगदा दोन्ही शिफ्टच्या खाली चिकटून तसाच राहिला.

"अण्णा, मशीनवर किती वाहिलंसा?"

"मशीनला कमी पडाय नको म्हणून जरा हात सैल सोडला."

"केसातला आकडा द्या कुणीतरी."

रांगेतनं पाच आकडे पुढं आले. मघाशी माना हलवणाऱ्यांचेही त्यात होते. अंजनानं एकेका बटनाखालची हळद टोकरून काढली. घामानं तिचे हात निसटत होते. एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. टँकरवाला समर्थ आज पाऊण तास आधीच आला होता. त्यालाही घरी पूजा होती.

"टाइम आतु, आक्का," त्यानं खिडकीतनं डोकं घातलं. "वेळ झाली. चिठ्ठी नाही तर मी चाललो. मला नंदगडचं दूध घ्यायचंय."

"दहा मिनिटं थांब."

"पाच."

अंबुबाई मोरीवरनं उतरली ती थेट टँकरच्या पुढं जाऊन उभी राहिली. "बघू कसा जातोस."

अंजनानं बटन दाबलं आणि शिफ्ट धरलं. या वेळी यादी आली. दुसरी ओळ. मग नंबर. तिनं लहान नंबर निवडला आणि कोणी न सांगता श्वास धरला. ओळी उतरल्या, त्या गचक्याच्या जागेवरनं पुढं गेल्या, आणि डेअरीचा निळा पडदा उघडला. मशीननं पहिली चिठ्ठी ओकली. अंबुबाईचं नाव, फॅट साडेसहा. शेवटची चिठ्ठी निघेतोवर ती टँकरपुढनं हलली नाही.

अर्धवट अपडेट दुरुस्त करायचं राहिलं होतं. ते तिनं दूध टँकरमध्ये गेल्यावर, भावानं कागदावर लिहून घ्यायला लावलेला हुकूम एकेक अक्षर टाइप करून केलं. मशीन दोनदा बंद करून पुन्हा चालू केलं. चाललं.

सातला ती भावाला कळवायला मोरीवर गेली, तेव्हा फोनवर वरच्या ऑफिसचा निरोप आला. 'आपले केंद्र आज अकरा वीस ते पाच पन्नास बंद आढळले. ऑपरेटरने चोवीस तासांत लेखी खुलासा द्यावा.'

तिनं तिथनंच ऑफिसला फोन लावला, मग आत आली. नागोजी अण्णा जवळ सरकले. "लिव, लाईट गेलती म्हणून. तुलाबी बरं, मलाबी बरं."

अंजनानं कागद ओढला. अण्णा खांद्यावरनं वाचत होते. 'प्लग सेक्रेटरींनी काढला. ते चुकले.'

"माझं नाव खोड गं."

"खोडत न्हाय. तुमची चूक एका ओळीची हाय, अण्णा. खालचं वाचा, त्यांची पानभर हाय."

पानभर तिनं लिहिलं. शेवटी, नाव घालण्याआधी, एवढंच:

'अपडेट आज का टाकले म्हणून फोन केला, तेव्हा आपल्या ऑफिसातून उत्तर मिळाले की आज सगळीकडे सुट्टी आहे, कामाला अडचण येणार नाही. आमच्या गावात तीनशे म्हशी आहेत. त्या आजही दोन्ही वेळा दुभल्या. त्यांना सुट्टी कोणत्या परिपत्रकाने दिली होती? त्याचा क्रमांक, तारीख आणि सही करणाऱ्याचे नाव चोवीस तासांत लेखी कळवावे.'