बारा जणांच्या वह्या

खळ आंबली होती. आदल्या दिवशी शिजवलेली कणकेची खळ एप्रिलच्या उकाड्यात वर्गातच राहिली, आणि सकाळी दीपमालाबाईंनी झाकण काढलं तेव्हा तिचा वास थेट घशात गेला. तरी वह्यांना पुठ्ठे चिकटवायला तीच वापरायची, असं मुख्याध्यापक देवरे सरांनी ठरवलं. तपासणी अकराला होती.

चौथीच्या पटावर तेवीस नावं, वर्गात मुलं अकरा. उरलेली बारा मुलं फेब्रुवारीतच आईबापांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांवर गेली होती. पेठ रस्त्यापासून आत असलेल्या या पाड्यावर दर वर्षी तसंच होई, आणि दर वर्षी हजेरीपटावर ती बाराही जणं हजर असत. यंदा मात्र तपासणीच्या साहेबांनी प्रत्येक मुलाची उपक्रम वही बघायला मागितली होती. वर्षभरात मुलानं गोळा केलेली पानं, बिया, पिसं, काढलेली चित्रं, सगळं त्या वहीत. हजेरी बसल्या जागी लावता येते. वह्या कुठून आणायच्या?

"सविताची आहे ना जाडजूड," देवरे सर म्हणाले. "एक्केचाळीस पानं. पाच तिला ठेवा. राहिली छत्तीस. बारा त्रिक छत्तीस. देवानंच मोजून दिलीत, बाई."

"सर, ती वही मला सोमवारी नाशिकला न्यायचीय."

नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत, वसतिगृहासकट, सवितासाठी जागा मिळण्यासारखी होती. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, गुणपत्रिका नको, मुलीनं स्वतः केलेलं काही दाखवा. पाड्यावर चौथीच्या पुढे शाळा नव्हती. सविताची पाचवी त्या वहीवर अडली होती.

"मग न्या की! तपासणी झाली की उसवा आणि शिवा परत. पानं काय पळून जाताहेत? अन् जूनमध्ये तुम्हाला कायम करायचा अहवाल मलाच लिहायचाय, बाई." शेवटचं वाक्य ते हसत म्हणाले. हसताना त्यांच्या दातांतली सुपारी दिसली.

दीपमालाबाई तीन वर्षं शिक्षणसेवक होत्या. त्यांनी वही उसवली.

सवितानं प्रत्येक पानाखाली पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं होतं. देवरे सर बोटाला थुंकी लावून ते पुसत आणि ओलं पान पुढे सरकवत. बाई त्यावर पेनानं नवं नाव घालत, अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढून. हिरामण. गेणू. फुलाबाई. सविता दाराशी उभी राहून बघत होती.

"मोराचं पीस हिरामणला नका देऊ, बाई," ती एवढंच म्हणाली. "तो मोडील."

"उद्या सगळं परत देते तुला."

विस्तार अधिकारी साडेबाराला आले. गावठी कोंबडीचं जेवण झालं, मग वह्या. मुलं कोणी मोजली नाहीत. साहेबांनी सविताची पाच पानांची वही दोन बोटांनी उचलून क श्रेणी दिली आणि बाजूला टाकली. मग हिरामणची घेतली.

"वा! 'कुड्याची साल पोट बिघडलं की उकळून देतात. माझी बहीण कुसा आजारी होती तेव्हा दिली.' हिरामण कोण रे?"

शिकवून ठेवल्याप्रमाणे हिरामणच्या जागी समाधान उभा राहिला. "मी, साहेब."

"मग काय, बरी झाली का कुसा?"

समाधाननं देवरे सरांकडे बघितलं. "मला बहीणच नाय, साहेब."

मुलं खिदळली. सविता उठली. "कुसा माझी बहीण हाय. बरी झाली. पान बी माझं हाय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पाड्यावर सगळे बहीणभाऊच असतात," ते म्हणाले. "काय देवरे?"

दोघं हसले. सुटकेचं, जेवण अंगी लागलेलं हसू. शेऱ्यात साहेबांनी 'उत्तम' लिहिलं. शाळेचा नमुना तालुक्याच्या बैठकीत दाखवायला हवा म्हणाले, आणि शिपायानं बाराही वह्या सुतळीनं बांधून जीपमध्ये टाकल्या.

दीपमालाबाई जीपपर्यंत धावत गेल्या. "साहेब, वह्या नेऊ नका."

"का हो?"

"ती बारा मुलं इथं नाहीत. बागांवर आहेत. पानं सविताची आहेत. वरची नावं मी घातलीत."

देवरे सर मागून आले. "बाईंना ऊन लागलंय, साहेब."

"लेखी द्याल?" साहेबांनी विचारलं. त्यांना वाटलं, तिथंच संपेल.

बाईंनी हातातल्या हजेरीपटातला कोरा कागद फाडला, जीपच्या तापलेल्या बॉनेटवर, खिडकीजवळ ठेवला आणि तारीख घातली. बारा एप्रिल दोन हजार तीन. मग पहिलं नाव. साहेब तिसऱ्या नावापर्यंत बघत राहिले, मग खिडकीतून हात काढून त्यांनी पेन धरलं.

"अहो, थांबा. कागद कशाला? मग मलाही उत्तर द्यावं लागेल. घ्या तुमच्या वह्या." गठ्ठा त्यांनी असा बाहेर लोटला की जणू त्यात मेलेलं काही होतं. "शेरा राहू द्या. शेरा उत्तम आहे."

जीप गेली. देवरे सर जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "अहवाल मी लिहीनच आता."

"लिहा," बाई म्हणाल्या. त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची त्यांना शिसारी आली. आणि हे सगळं आपण सकाळीच का नाही केलं, याची त्याहून जास्त.

वर्गात त्यांनी बाराही वह्या उसवल्या आणि छत्तीस पानं सवितापुढे ठेवली. "आण, नावं पुसून देते."

"तुम्ही पेनानं लिवलंय, बाई. निघत नाय ते."

ती मांडी घालून बसली. प्रत्येक परक्या नावावर एक रेघ मारून वर स्वतःचं नाव लिहू लागली. पुसटलेली पेन्सिल आणि थुंकीचा डाग यांच्यामधली जागा ती नीट शोधत होती. बाईंनी सुईत दोरा ओवला आणि वही शिवायला हात पुढे केला.

सवितानं सुई घेतली. वही दिली नाही.