वाढून ठेवलेलं पान

भाजलेलं कणीस तळहातावर घेऊन व्यंकटरावांनी दाबून चोळलं. हिरवे दाणे घोंगडीवरच्या ढिगात पडले, तशी त्यांनी फुंकर मारून कोंडा उडवला.

"घ्या लेकराहो. ज्याला जे लागंल ते आपल्या हातानं. हितं वाढपी न्हाई."

शाळेतल्या मास्तरांची बिऱ्हाडं लेकराबाळांसकट व्यंकटरावांच्या शेतात हुरड्याला आली होती. ढिगाभोवती वाडगे मांडलेले होते. जवसाची चटणी, तिळाची चटणी, दही, गुळाचे खडे, झरीच्या बाजारातली बोरं. पोरं पत्रावळी घेऊन घिरट्या घालत होती. एकानं दह्यात बोरं बुडवली. एकीनं नुसता गूळच भरला आणि आईचा धपाटा खाल्ला.

सिताराम मास्तर आणि धुरपताबाईची लेक गौतमी पत्रावळ उचलायला वाकली.

"अगं, थांब थांब," व्यंकटरावांच्या मालनबाई लगबगीनं आल्या. "तुमचं वाढून ठेवलंय की. गर्दीत कशाला तरास, मास्तरीणबाई?"

बाभळीखाली तीन पानं मांडलेली होती. हुरडा, चटणी, गूळ, सगळं नीट. वर दुसरी पत्रावळ झाकलेली. मालनबाईंच्या मनात वाईट नव्हतं, हेच वाईट होतं. त्या पानांकडं माया केल्यासारखं बघत होत्या.

सिताराम मास्तर मुकाट जाऊन पानावर बसले. पण त्यांचा हात पानाकडं जाईना.

गेल्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा गावच्या गिरणीवाल्यानं त्यांच्या बौद्धवाड्याला सांगितलं होतं, पट्टा तुटलाय. रोज गिरणीचा आवाज वस्तीत ऐकू यायचा आणि रोज पट्टा तुटलेलाच असायचा. धुरपताबाईनं जात्यावर दळून दिवस काढले. आज हुरड्याचं आवतन आलं तर मास्तर म्हणाले होते, "जाऊ. लेकरं शाळेत एका पट्टीवर बसत्यात. आपुन किती दिवस तोंड फिरवायचं?"

"आई," गौतमी म्हणाली, "माझं कुणी वाढलं?"

"मालनकाकूनं."

"मला चटणी नको होती. कुसुम तिचं तिचं घ्यायलीय. मी लहान हाय का?"

शेजारच्या मास्तरांची बायको एकाएकी बोरं निवडायला लागली. एवढ्या सगळ्यांना कळलं होतं, एका पोरीला तेवढं कळायचं राहिलं होतं. आणि ते आपणच आता तिला समजावून सांगायचं? धुरपताबाईचे हात पदराला पुसले गेले, कोरडे असून.

"धुरपता," मास्तर हळूच म्हणाले, "राहू दे."

ती खाली बसली. आपल्या पानातला चिमूटभर हुरडा चटणीला लावून तिनं तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"चटणी झकास झालीय, बाई."

"घरचं जवस हाय," मालनबाई खुलल्या.

"पण लय वाढलंत. आमाला जाईल का एवढं?"

तिनं तिन्ही पानं उचलली, घोंगडीपाशी गेली आणि एकेक करून मधल्या ढिगावर उपडी केली. मग हात घालून सगळं खालीवर केलं, पिठात मोहन कालवावं तसं. आता कुठला दाणा कुणाचा ते देवालाही सांगता आलं नसतं.

"जा गं. तुझं तू घे."

व्यंकटरावांच्या हातातलं कणीस हातातच राहिलं. रागवायचं कशावर? बाईनं जास्त झालेलं परत ठेवलं होतं.

सिताराम मास्तर उठले. एक कोरी पत्रावळ घेऊन लेकीच्या मागं येऊन उभे राहिले.

गौतमीनं मूठभर हुरडा घेतला, त्यावर गुळाचा खडा ठेवला आणि शेजारी उभ्या कुसुमला म्हणाली, "घे लवकर, संपंल बघ."

कुसुम मालनबाईंची नात. तिनंही ढिगात हात घातला. मूठ वर आली आणि मालनबाईंनी तिचं मनगट धरलं. ओढलं नाही. सोडलंही नाही. आगटीत कणसं करपायला लागली होती, त्यांचा वास सुटला होता.

कुसुमनं आजीकडं बघितलं. मग गौतमीच्या गुळाकडं.

हात सोडवायच्या भानगडीत ती पडली नाही. तिनं मान वाकवली आणि तोंडच मुठीपाशी नेलं.