कुंपणाकडे तोंड करून

अनुसयाने जन्मात कोणाला शिवी दिली नव्हती. तिला कधी गरजच पडली नाही. तिच्याजवळ प्रार्थना होती.

तिचा नवरा तेजराम ख्रिस्ती मंडळीचा प्रचारक. आठवड्यातले बरेच दिवस तो सायकलवर परसवाड्याकडच्या गावांत असायचा. बालाघाटच्या त्या मागच्या गल्लीत, जिथे अजून वीज आली नव्हती, अनुसया आणि तिची अंगावर पिणारी लेक सरिता दोघीच राहायच्या. तुराट्यांच्या कुंपणापलीकडे सत्यभामा. तिचं तोंड कोंबड्यांसोबतच उघडायचं. आधी कोंबड्यांना शिव्या, मग नवऱ्याला, मग चुलीतल्या ओल्या लाकडांना. तिच्या कोंबड्यांनी अनुसयाची कोथिंबीर उकरली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

बोलणं बंद होतं, प्रार्थना नाही. गोंदियाच्या छोट्या गाडीची शिटी झाली, दिवे लागले, की अनुसया अंगणातल्या पेरूखाली उभी राहायची. डोक्यावर पदर घ्यायची, डोळे मिटायची आणि कुंपणाकडे तोंड करून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणायची, "हे दयाळू बापा, तुझे उपकार मानते की माझ्या घरात शिवीगाळ नाही. शेजारच्या घरालाही सुबुद्धी दे. त्या जिभेला लगाम घाल."

तेजराम एकदा म्हणाला, "अनुसया, देव काही बहिरा नाही. हळू बोललं तरी त्याले समजते."

"मी काय खोटं बोलून राह्यली का?"

खोटं नव्हतंच.

धानाची मळणी संपता संपता तिला ताप भरला. तेजराम तेव्हा गावांत फिरत होता. तापाने अंग असं पोळलं की दूधच गेलं. गाईचं दूध पाणी घालून, उकळून चमच्याने पाजलं. सरिताने सगळं ओकून टाकलं. आधी ती कळवळून रडली. मग आवाज मांजरीच्या पिलासारखा बारीक झाला. मग रडणंही थांबलं. ती नुसती तोंड उघडायची आणि मिटायची.

म्हातारी सुईण मैनाबाई पाहायला आली. तिने अनुसयाच्या कपाळाला हात लावला, लेकराच्या ओठांवरून बोट फिरवलं.

"तापानं आटलं. ताप उतरला की येईल परत. पण तोवर या जिवाचं काय? अन् कुंपणापलीकडे लेकुरवाळी बाई बसली आहे. दोन लेकरं पिऊन उरेल एवढं दूध आहे तिले."

"तिच्या दारी मी कशी जाऊ, मावशी?"

"पायानं जा. आणखी कशानं जाशील?"

"तुम्हीच विचारा न तिले."

"प्रार्थना तू केलती, का मी?" मैनाबाई म्हणाली.

म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

सवयीने अनुसयाने डोळे मिटले. हे दयाळू बापा, तुझे उपकार मानते की... आणि जीभ तिथेच अडली. ज्या घरासारखं आपलं घर नाही म्हणून ती रोज उपकार मानत होती, त्याच घरी आज जायचं होतं. पुढचं एकही सुंदर वाक्य तिला सुचेना. "देवा, माझ्यावर दया कर," एवढंच निघालं, तेही इतकं हळू की जवळ बसलेल्या मैनाबाईलाही ऐकू गेलं नाही.

लेकीला उराशी धरून, कुंपणाचा आधार घेत ती गेली. सत्यभामा ओसरीवर तांदूळ पाखडत होती. बाजूला गोधडीवर तिचा मुलगा पाय झाडत होता.

"कोण? पाद्रीणबाई? आज इकडे कशी वाट चुकली?"

वाटेत जुळवलेलं सगळं अनुसया विसरली. "सत्यभामाबाई, मी देवाचं नाव घेऊन तुम्हाले टोचत राह्यली. मले माफ नाही केलं तरी चालेल. पण हिले... माझं दूध गेलं वो."

सूप थांबलं. "कधीपासून?"

"कालपासून."

"कालपासून! अन् आता येऊन राह्यली? अक्कल गहाण टाकली का?"

मग सत्यभामाचा पट्टा सुटला. तापाला शिव्या, गाईला शिव्या, तेजरामला अन् त्याच्या सायकलीला शिव्या. तोंड चालूच, आणि तेवढ्यात तिने हात धुतले, सरिताला ओढून मांडीवर घेतलं, पदर टाकला. एक शिवी अर्ध्यावरच तुटली. पोरीने तोंड लावलं होतं.

ओसरीवर नुसता घुटक्यांचा आवाज. हे घर इतकं शांत अनुसयाने कधी ऐकलं नव्हतं. ती दाराला टेकून खाली बसली आणि तिला रडू फुटलं. किती तरी वेळ आवळून धरलेलं काही तरी सुटत गेलं.

"आता काहून रडतं? ते पाह्य, कशी पिऊन राह्यली. चुलीवर पेज आहे, घे वाटीभर." मग सत्यभामा म्हणाली, "पण माझं तोंड असंच राहील हं. लगाम-बिगाम जमायचा नाही."

"राहू द्या," अनुसया रडता रडता हसली.

ताप उतरला. दूधही हळूहळू परत आलं. तोवर सरिता दोन्ही घरी प्याली. तेजराम परतला तेव्हा त्याची लेक शेजारच्या ओसरीवर, सत्यभामाच्या मुलाशेजारी एकाच गोधडीत झोपली होती. इकडे कोंबड्या कोथिंबीर उकरत होत्या आणि त्यांना कोणी हाकलत नव्हतं.

त्या संध्याकाळी गाडीची शिटी झाली. थोड्या वेळाने तुराट्यांमधून आवाज आला, "काहून वो, आज प्रार्थना नाही का?"

"झाली न."

"मले तर काहीच ऐकू नाही आलं."

"ज्याले ऐकू जायची त्याले गेली."

"माझं नाव होतं का त्यात?"

"हौ."

"काय म्हटलं?"

"उपकार मानले," अनुसया म्हणाली.

मग कुंपणाआडून कोंबड्यांना घातलेली एक शिवी ऐकू आली, पण जरा हळू.