कोबीच्या शेतात बसलेलं विमान

मी बांधलेली गाठ माझ्याशिवाय कुणाला सुटत नाही, हा माझा अभिमान आणि अख्ख्या विमानतळाची डोकेदुखी. मालवाहू विमानात जाळी टाकून माल आवळायचं काम मी छत्तीस वर्षं करते आहे. माझा धाकटा भाऊ त्याच विमानाचा मेकॅनिक, विमानाबरोबर उडणारा. विमान आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठं, आणि त्याचे नखरे तर विचारूच नका.

त्या सकाळी पूरग्रस्तांसाठी पीठ, घोंगड्या आणि पाण्याचे पंप भरले होते. भाऊ नेहमीसारखा सुरू झाला, "ताई, जरा सैल बांध गं. तिकडे माल उतरवणारे तुझ्या नावाने बोटं मोडतात."

"मोडू देत. बोटं त्यांची आहेत," मी म्हटलं आणि आणखी एक वेढा दिला.

विमान उडालं, दोनदा खोकलं, आणि कुंपणापलीकडच्या कोबीच्या शेतात नाक खुपसून बसलं.

मी धावले. अठ्ठावन्नाव्या वर्षी कशी धावले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. डोक्यात एकच घोळत होतं: माल सरकला असेल का? पुढे दोघं वैमानिक आणि माझा भाऊ, त्यांच्या पाठीशी माझ्या हातचे आठ टन. ते सरकले असतील तर माझ्या भावाला मीच मारलं.

विमानाची शेपटी वर होती, पुढचं दार चेपलं होतं. आग लागू नये म्हणून बंबवाल्यांनी चहूकडे फेस मारला होता. त्यांचा प्रमुख मागच्या दाराने सुरी घेऊन आत चढत होता.

"कापायचं नाही!" मी किंचाळले. "जाळं एकदम तुटलं तर सगळा माल त्यांच्या अंगावर जाईल. वरून एकेक गाठ सोडायची, एकेक पोतं काढायचं."

"मग सोडा ना, बाई!"

तेवढ्यात मालाच्या पलीकडून आवाज आला, "ताई, तूच का? माल तसूभर हलला नाही गं! तिघंही धड आहोत. पण आता आम्हाला बाहेर काढ."

इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी तिथेच भोकाड पसरलं आणि रडत रडतच पहिली गाठ सोडायला घेतली. इंधनाचा वास नाकात जात होता. माझ्यामागे हमालांनी रांग लावली, पोती हातोहात खाली जाऊ लागली. एक फुटलं आणि सगळे पांढरेफटक झाले.

"बोलत राहा," मी भावाला म्हटलं.

"काय बोलू? लहानपणी माझ्या चड्डीची नाडी तू अशीच बांधायचीस. शाळेत माझी काय पंचाईत व्हायची, तुला कुठे ठाऊक!"

बंबवाला खो खो हसला. मीही हसले, पण भावाचा आवाज बारीक झाला होता, ते माझ्या लक्षात आलं होतं. हसता हसता मी हात दुप्पट वेगाने चालवले. शेवटच्या गाठीशी नखं तुटली. तेव्हा जाळ्यातून पलीकडून त्याची बोटं आली. "मी इकडून ढकलतो, तू ओढ." गाठ सुटली, आणि पिठाने माखलेला माझा भाऊ माझ्या अंगावर आला. त्याच्यामागून दोघं वैमानिक खोकत बाहेर पडले. सगळ्या शेताने टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर त्याची नाडी बघायला आले. तो म्हणाला, "आधी हिची बघा."

मला काय धाड भरली होती? पण कुणीतरी चहा हातात दिला आणि तो सगळा पदरावर सांडला. बोटं मिटतच नव्हती. भावाने दुसरा ग्लास घेतला, फुंकर मारली आणि माझ्या ओठांना लावला. आई गेल्यावर चार वर्षांच्या या पोराला मी असंच दूध पाजलं होतं.

"पुरे," मी म्हटलं.

"गप पी," तो म्हणाला, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.