गिझरखालचा थेंब

मी गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बोलतोय. बोलतोय म्हणजे मनातल्या मनात. कारण माझ्या तोंडात बूच ठोकलेलं आहे.

मी अंगठ्याएवढा, पितळेचा. पोटात एक स्प्रिंग. गिझरमधला दाब वाढला की तोंड उघडायचं, थोडं पाणी सोडायचं आणि पुन्हा गप्प बसायचं, एवढंच माझं काम. कारखान्यात मला तपासणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "याच्यावर वेळ येऊ नये गं, पण आली तर यानं झोपू नये." ते मी मनात पक्कं धरलं.

या घरात आलो तेव्हा पाण्याची नुसती बोंब. आजोबा, सून आणि शाळकरी नात, माणसं तीनच. पण एक बादली भरायला दहा मिनिटं. शॉवर नावालाच. "बाबा, केसांतला साबण निघेपर्यंत माझी बस चुकते हो," सून रोज कुरकुरायची.

शेवटी प्लंबर आला. त्यानं नळांच्या जाळ्या धुतल्या, शॉवरची भोकं सुईनं मोकळी केली, मुख्य कॉक पूर्ण उघडा आहे ना तेही पाहिलं. "काका, गच्चीवरची टाकी जेमतेम डोक्यावर आहे. पाण्याला जोर येणार कुठून? पंप लावू या."

पंप लागला. पाणी धो धो येऊ लागलं आणि मी ठिबकू लागलो. "हा ठिबकणारच," प्लंबर म्हणाला. "दाब जरा जास्त झालाय. पुढच्या आठवड्यात येऊन कमी करतो. तोवर याला हात लावू नका." येतो म्हणाला तो गेलाच.

आजोबांचा उभा जन्म पाणीटंचाईत गेलेला. नळ टपटपला तर भरल्या ताटावरून उठणारा माणूस! माझ्याखाली त्यांनी आधी तांब्या ठेवला, मग पातेलं. ते पाणी कुंड्यांना घालायचे. मला त्यांचा राग येत नाही, हेच वाईट.

काल ते स्टुलावर चढले. लाकडाची खुंटी, तिच्यावर गुंडाळलेला धागा आणि हातोडीचे तीन ठोके.

"बाबा, हात लावू नका म्हणाला होता ना तो?"

"असंच म्हणतात ते. नाहीतर आपण पुन्हा बोलावणार कशाला त्यांना?"

सून हसली आणि कामाला लागली.

आज सकाळी गिझरचा थर्मोस्टॅट अडकला. पाणी केव्हाच उकळीला आलं, तरी वीज काही तुटत नाही. आत गुरगुर चालली आहे. पत्रा ताणला जातोय. माझी स्प्रिंग पार मागे सरली आहे, मी उघडलोय, पण पाण्याला जायला वाटच नाही. असा कोंडलेला गिझर फुटला तर भिंतसुद्धा उभी राहत नाही. मला भीती वाटते आहे.

दाराशी नात उभी आहे, खांद्यावर टॉवेल टाकून. "आजोबा, तापलं का हो?"

"लाल दिवा विझू दे, बाळा. तोवर इथंच थांब."

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ ठिबकत असेल तर ठिबकू द्या, जाणत्या माणसाला बोलवा. सूनबाई, राहू दे ती बस! आधी बटण बंद कर, पोरीला बाहेर ने!

आजोबा आत आले. त्यांनी वर बघत माझ्याखाली तळहात धरला, तो नातीला दाखवला.

"बघ," ते म्हणाले, "एक थेंब नाही."