फळीवर बसवलेली मगर

भिक्षूंचा वर्षावास संपून दिव्यांची आश्विन पौर्णिमा झाली. तिच्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या जेवणाची वेळ टळल्यावर, मुदोनजवळच्या क्वानतार गावी, रोतचानबाईंच्या घराच्या पडवीत माझी विक्री झाली.

मित्रांनो, मी एक जुने वाद्य आहे. असे म्हणूनच आरंभ करावा अशी रीत आहे, म्हणून केला. परंतु ते वाक्य मला मान्य नाही. वापराने झिजते ते जुने. माझ्यावर शिष्याने एक सूरही छेडलेला नव्हता. तेव्हा मी जुनी नव्हते आणि नवीही नव्हते. मी अडवून ठेवलेली होते.

या मुलखातले मोन लोक मला 'क्याम' म्हणतात. क्याम म्हणजे मगर. मला चार आखूड पाय आहेत, शेपूट आहे, उघडा जबडा आहे आणि त्यात लाकडाचे दात आहेत. माझ्या पाठीवर पडदे बसवलेले असून त्यांवरून तीन तारा जातात. वाजवणारा माझ्या कुशीला मांडी घालून बसतो, एका हाताने तारा दाबतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला बांधलेल्या शिंगाच्या नखीने त्या छेडतो. नवखा माणूस मला पाहून हसतो. हसू द्या.

ज्याने मला फणसाच्या अखंड ओंडक्यातून कोरले, तो कारागीर अत्यंत चिडखोर होता. "तोंड जरा हसरं करा," असे रोतचानबाईंनी सुचवले, तेव्हा तो म्हणाला, "हसरं हवं असेल तर बाहुली न्या. ही मगर आहे." त्याने तारा चढवल्या, एकदा सुरात लावल्या आणि निक्षून सांगितले, "वाजवत राहा. न वाजवलेलं लाकूड मुकं होतं."

मला घेतले होते ते बाईंच्या लेकीसाठी. तिचे नाव जालोन. तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. नाइ बन्या हे वृद्ध वादक तिला शिकवणार होते ('नाइ' म्हणजे आमच्याकडचे 'श्रीयुत'). आमच्याकडे नियम असा की, देठासकट नारळ आणि हिरव्या केळ्यांचे घड गुरूला वाहिल्यावाचून शिष्याने पहिला सूर छेडायचा नाही. पूजेचा दिवस ठरला. नारळही आला. आणि त्या दिवसापूर्वीच नाइ बन्या वारले.

रोतचानबाई धर्मभीरू होत्या. त्यांनी निर्णय दिला, "ज्यांच्या नावानं नारळ ठरला ते गेले. आता तो दुसऱ्या कुणाला वाहिला तर त्यांचा अपमान. न वाहता वाजवली तर पाप." दोन्ही वाटा अशा रीतीने बंद झाल्या. वाद्य ओलांडले जाऊ नये, म्हणून ते जमिनीवरही ठेवता येईना. तेव्हा मला बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर चढवण्यात आले आणि रोज सकाळी माझ्यापुढे मोगऱ्याची फुले पडू लागली. मगरीपुढे मोगरा! एखाद्या मगरीचा याहून मोठा अपमान कोणाला सुचत असेल, तर त्याने मला कळवावे.

अनास्थेने वाद्य मरते, हे तुम्ही ऐकले असेल. आदरानेही मरते, हे मी सांगते. जालोन दर आठवड्याला माझ्यावरची धूळ पुसायची. फडके पाठीवरून सरकायचे आणि तारांशी आले की थांबायचे. ती मोठी झाली. फडके तेवढे थांबतच राहिले.

पुढे जालोनला सीमेपलीकडे, महाचाइ शहरातल्या मासळी कारखान्यात काम मिळाले. आईही तिच्याबरोबर निघाली. घर बंद करायचे ठरले. सीमेपार मगर कशी न्यायची? म्हणून मला विकायला काढले.

पहिले गिऱ्हाईक नाइ काल्या. तो धक्क्यापाशी खानावळ उघडणार होता.

"वहिनी, एकदम झकास!" तो म्हणाला. "गल्ल्याच्या वर टांगतो. कुणी पैसे न देता उठला, की ही दात दाखवील."

"वाजवणार नाही ना पण कुणी?"

"छे हो! तारा काढूनच टाकतो. पोटात एक खिळा ठोकला की झालं."

बाईंचा चेहरा उजळला. कोणी वाजवणार नाही, म्हणजे पाप नाही. खिळा कुठे बसेल हे पाहण्यासाठी काल्याने मला उलटी केली आणि त्याचा अंगठा तारेत अडकला. तार तटकन तुटली व त्याच्या अंगठ्यावर बसली. तार कुजली होती, असे सर्वांनी मानले. मानू द्या.

"चावली की हो!" काल्या अंगठा चोखत ओरडला.

"चावणारच. मगर आहे ती," पायऱ्यांवरून आवाज आला. चानदाइ आल्या होत्या. भिक्षूंच्या अंत्यविधीत वाजवणाऱ्या ताफ्यात त्या क्याम वाजवीत. त्यांची स्वतःची मगर भुंग्यांनी पोखरली होती. त्या माझ्याजवळ बसल्या आणि आमच्याकडचा वादक विचारतो तेच त्यांनी विचारले, "कुणाच्या हातची?"

"कुणाच्याच नाही, ताई," रोतचानबाई अभिमानाने म्हणाल्या. "बोटसुद्धा लागलं नाही. अगदी कोरी!"

"मग ओंडका म्हणून विक की बाई. मगर कशाला म्हणतेस?"

बाईंना ते झोंबले. त्यांनी नाइ बन्यांची सगळी हकिगत सांगितली व शेवटी म्हणाल्या, "नारळ ज्यांना वाहायचा तेच राहिले नाहीत. मी काय करायचं होतं?"

चानदाइंनी कपाळावर हात मारला. "अगं रोतचान, पूजेला नाव कुणाचं घेतात? गुरूचं, गुरूच्या गुरूचं, त्याच्याही गुरूचं. त्यातला जिवंत कोण असतो? आपण नारळ वाहतो तो मेलेल्यांनाच! बन्याकाका आता कुठे खरे घ्यायच्या लायकीचे झाले, आणि तू त्यांचाच नारळ इतकी वर्षं अडवलास!"

रोतचानबाईंनी माझ्या रिकाम्या फळीकडे पाहिले आणि नाइ बन्यांच्या नावाने हात जोडले.

"माझ्या खिळ्याचं काय?" काल्याने विचारले.

"तुला प्लास्टिकची मगर आणून देते," चानदाइ म्हणाल्या. " तिचे दात जास्त पांढरे असतात."

जालोन मात्र उठली होती. प्रवासात नातलगांना द्यायचा म्हणून बांधलेला नारळ तिने गाठोड्यातून सोडवला. शेजारच्या परसातून हिरवी केळी आली. थाळी मांडली गेली, नाइ बन्यांचे नाव घेतले गेले आणि मी प्रथमच जमिनीवर, माझ्या चार पायांवर उभी राहिले. चानदाइंनी नखी काढली ती जालोनच्या बोटाला बांधली.

"मावशी, मला कुठे येतं?"

"या मगरीला तरी कुठे येतं? होऊ दे."

जालोनने तार छेडली. आवाज कसा आला? घशात बोळा कोंबलेल्या बेडकासारखा. काल्या मोठ्याने हसला. रोतचानबाईंनी कानांवर हात ठेवले. मला लाज वाटली नाही. जालोनने दुसऱ्यांदा छेडली, अधिक जोराने. मग तिसऱ्यांदा, दोन्ही तारा एकदम. आणि आईने "पुरे गं, गाडी चुकेल," म्हटले तरी ती थांबली नाही. माझ्या पोटात इतकी वर्षे साचलेली धूळ फटीतून खाली सांडू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी वाद्य उंचावर ठेवून त्याची पूजा करीत असेल, तर त्याला आज खाली काढा. त्याच्यावर चुका. बेसूर वाजवा, तारा तोडा, नव्या चढवा. त्याला विकायचे असेल, तर वाजवणाऱ्याला विका. 'अगदी कोरे आहे' ही वाद्याची स्तुती नव्हे. ते त्याच्यावरचे आरोपपत्र आहे, आणि त्यात आरोपी तुम्ही असता.

जालोनचा हात अखेर दुखून थांबला. चानदाइंनी वाकून माझ्या पोटाला कान लावला, बोटाच्या पेराने दोनदा ठोकून पाहिले आणि त्या सरळ बसल्या.

"आवाज वाईट आहे," त्या म्हणाल्या. "घेते मी."