गोटीरामचा पंचा

घणसोली गावात माणूस मेलं की बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. हेल काढून, गेलेल्याच्या एकेक गोष्टी सांगत. कुणाला किती दुःख झालं ते त्यावरून ठरतं, आणि गप्प बसणारीला दुःखच नाही, असा सरळ न्याय. सरळ न्याय पटकन चुकतो, पण मयताच्या घरी ते कोण तपासत बसतंय.

गोटीराम मिठागरवाला गेला तेव्हा त्याची सून स्मिता रडली नाही. ती मूळची साताऱ्याकडची, वाशीच्या सिडकोच्या फ्लॅटात वाढलेली. विलासशी लग्न करून दोन वर्षांपूर्वी गावठाणातल्या या घरात आली होती. सासरा गेला त्या दिवशी तिनं पदर खोचला, पिंप भरलं, आल्यागेल्याला चहा केला. सासू सुमित्राबाई ऊर बडवत होती आणि सून कपबश्या विसळत होती.

"दगड हाय दगड," शेजारची केशरबाई म्हणाली. हळू बोलायची तिला सवय नव्हती.

स्मिताच्या माहेरची रीत वेगळी. तिचे वडील वारले तेव्हा आईनं तिला एवढंच सांगितलं होतं, तू थोरली, तू रडलीस तर धाकट्यांनी कुणाकडे बघायचं? तेव्हापासून दुःख झालं की तिचे हात कामाला लागायचे. हे तिचं तिलाच धड माहीत नव्हतं, मग सासूला कुठून कळणार?

सुमित्राबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. आठवडाभरानं मुलाला म्हणाली, "बारावं झालं का बायकोला घेऊन वाशीला खोली कर. जिला माज्या मानसाचं काय वाटलं नाय, तिच्या हातचं पानी मना नको."

 दाराआड स्मितानं ते ऐकलं. हे घर तिला सोडायचं नव्हतं. वडिलांच्या मागे तिला 'पोरी' म्हणून हाक मारणारा माणूस याच घरात भेटला होता. पण ती तांदूळ निवडत राहिली.

एक सांगायचं राहिलं. स्मिताचा हात मिठाला आखडता. माहेरी वडिलांना रक्तदाब होता, त्यामुळे सगळं बेतानं. इथंही तिची आमटी अळणीच व्हायची, आणि तीही मिठागरवाल्याच्या घरी! सुमित्राबाई सगळ्यांदेखत वरून मीठ घ्यायची. स्मिताला वाटे, सासूला खोड काढायचीच आहे, बाबा तर ताट पुसून जेवतात. गोटीराम खरंच पुसून जेवायचा आणि म्हणायचा, "झ्याक झाली गो पोरी."

दहाव्याला पुरुष खाडीवर गेले. घरात बायकांनी गोटीरामच्या कपड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं, कुणाला तरी देऊन टाकायला. केशरबाईनं खुंटीवरचा पंचा ओढला.

स्मिता चुलीपासून धावत आली आणि तिनं तो हिसकावला.

"हात लावू नका. बाबांना चालत नाही."

ते खरंच होतं. तो पंचा गोटीराम कुणाला धुवायलाही देत नसे. पण बायका तिच्याकडे बघतच राहिल्या.

"बगा," केशरबाई म्हणाली, "मानूस मेला तवा तोंड उगडलं नाय, आनि फडक्यासाठी भांडतंय."

सुमित्राबाई रागानं उठली. पंचा सोडवायला तिनं सुनेचं मनगट धरलं आणि थबकली. हात गार पडला होता. सुमित्राबाई जन्मभर भांडली होती. रागावलेल्या माणसाचा हात असा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं स्मिताला खाली बसवलं. पंच्याच्या टोकाला गाठ होती. ती सोडून तिनं सुनेपुढे धरली. आत चिमूटभर करडं मीठ होतं.

"हे काय?" स्मितानं विचारलं.

"मीठ. तू वाढून पाठ फिरवलीस का तो गाठ सोडायचा. मना शपथ घातलेली. म्हनायचा, तिला बाप नाय, सांगशील तं तिचं तोंड उतरंल."

स्मितानं ते मीठ बोटानं चाचपलं. मग पंच्यात तोंड खुपसून ती रडली, वडिलांच्या वेळचंही राहिलेलं सगळं. पण शब्द एकही येईना. बोलून रडायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

घणसोलीत जिचे शब्द अडतात तिच्यासाठी शेजारची बोलते. सुमित्राबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि हेल काढला. या खेपेला नवऱ्यासाठी नव्हे, सुनेच्या तोंडचा.

"बाबा, आलनी जेवलास रं... लेकीला कलू दिलं नाय रं..."

केशरबाईनं पंचा वगळून बाकीचं गाठोडं बांधलं आणि डोळे पुसले.

पुरुष परतले. विलास दारात घुटमळला तशी आई म्हणाली, "उबा काय? पानी आन."

त्यानं तांब्या आणून बायकोच्या हातात दिला. स्मितानं सवयीप्रमाणे तो आधी सासूपुढे धरला. सुमित्राबाई तिच्या हातून पाणी प्यायली.